उंबरठ्याबाहेरील माया

आजाऱ्याची विचारपूस करणें हा आमच्या कोंकणांत नुसता शिष्टाचार नसून धर्मच मानला जातो. दापोलीसारख्या गांवीं कोणी मुंबईहून आजारी होऊन परतला, कीं आळींतील प्रत्येक घर चार पायरी आंबे, शहाळें किंवा सोनचाफ्याची ओंजळ घेऊन त्याच्या दारीं हजर होतें. तीव्र रक्तकर्करोगांत मात्र हाच धर्म उलटा पाळावा लागतो.

आम्ही काव्य शिकविणारे. वैद्यकाशीं आमचा संबंध वाचनापुरता. परंतु आमचा भाचा औषधांच्या दोन फेऱ्यांमधील दिवस आमच्याकडे काढीत असतां जें समजलें, तें असें. या रोगांत हाडांतील मज्जा अपक्व पेशींनीं भरून जाते, आणि जंतूंशीं झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींना जागाच उरत नाहीं. १९४८ सालीं बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनीं अ‍ॅमिनॉप्टेरिननें मुलांचा हा रोग तात्पुरता हटविल्याचें प्रसिद्ध केलें. तेव्हांपासून औषधें पुष्कळ सुधारलीं. पण तीं रोगाबरोबर शरीराचे रक्षकही मारितात. एका घन मिलिमीटर रक्तांत २००० हून अधिक असावयाच्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्याही खालीं उतरतात. मग आंतड्यांत जन्मभर निमूट नांदलेले जंतू रक्तांत शिरतात. ओल्या भिंतींवर व कुजक्या पाल्यांत वाढणारी अ‍ॅस्परजिलस बुरशी, जिचे कण आपण सारे नित्य श्वासाबरोबर घेतों, ती फुप्फुसांत ठाण मांडते. घर फिरलें कीं वासेही फिरतात, तें हें!

डॉक्टरांनीं सांगितलें होतें, कीं भेटणाऱ्यानें दारांतूनच बोलावें, जवळ जाणाऱ्यानें साबणानें हात धुवावे, फुलें आंत येऊं नयेत. आमच्या वृद्ध आत्याबाईंना हें मुळींच रुचलें नाहीं. “पोराच्या तोंडावरून हात फिरवल्यानें का कोणी मरतें?” असा त्यांचा सवाल.

एके रात्रीं भाच्यास १०१ अंश ताप भरला. काढा देऊन सकाळपर्यंत पाहावें, असें घरांतील वडीलधाऱ्यांचें मत पडलें. परंतु पू धरण्यासही पांढऱ्या पेशीच लागतात. त्या नसतां ना गळूं, ना सूज. ताप हीच बहुधा एकमेव वर्दी, आणि रुग्णालयांत पोंचल्यावर तासाभरांत प्रतिजैविक शिरेंतून गेलेंच पाहिजे. आम्ही त्याच रात्रीं खेडचा घाट उतरलों. भाचा त्या दुखण्यांतून उठला.

पुढें आत्याबाई दारांतच पाट मांडून त्याच्याशीं तासतासभर बोलत बसत. स्पर्शावांचून माया करण्याची संवय आमच्या समाजास नाहीं. ती लावून घेणें किती कठीण, तें आम्हीं त्यांच्या मुद्रेवर रोज पाहिलें.