रांगेतला वेळ

गेल्या महिन्यात ऑफिसात एका मुलाला मी चारचौघांत बोललो. आमच्या ॲपवर पैसे भरताना ग्राहकांना दहा-बारा सेकंद ताटकळावं लागत होतं, आणि सरासरी वेळ सगळ्यांत जास्त दिसत होता तो त्याच्या सर्व्हिसचा. ‘तुझाच कोड हळू आहे,’ मी म्हणालो. तो नुकताच हुबळीहून बेंगळुरूला आलेला. काही बोलला नाही.

त्याचं गप्प बसणं मनातून जाईना. रविवारी बेलंदूरच्या घरी लॅपटॉपवर ‘हॉटरॉड’ चालवून पाहिलं. ‘येगर’ची ओळख व्हावी म्हणून केलेलं हे लुटुपुटूचं ॲप. येगर म्हणजे जर्मनमध्ये शिकारी. विनंतीचा माग काढणारं हे साधन उबरमध्ये घडलं आणि २०१७ साली सगळ्यांसाठी खुलं झालं.

हॉटरॉडमध्ये टॅक्सी मागवायची. चार ग्राहकांची चार बटणं. एक दाबलं की एक सर्व्हिस ग्राहकाची माहिती आणते, दुसरी चालक शोधते, तिसरी रस्ता. शेवटी गाडीचा नंबर येतो, गाडी येत नाही. बेंगळुरूकराला यात नवं काही नाही.

प्रत्येक विनंतीला निघतानाच ३२ अक्षरांचा एक क्रमांक मिळतो आणि तो ती जाईल तिथे बरोबर जातो. आंतरदेशीय पत्रावर निघाल्याचा आणि पोचल्याचा शिक्का पडायचा, तशी प्रत्येक मुक्कामावर वेळ नोंदली जाते. येगर या नोंदी जुळवून आडव्या पट्ट्या मांडतो.

एकदा बटण दाबलं, उत्तर लगेच आलं. मग भराभर दहा वेळा दाबलं. उत्तरं रेंगाळू लागली आणि डेटाबेसची पट्टी लांबच लांब झाली. वाटलं, सापडला चोर. पट्टी उघडली तर आत नोंद होती: ही विनंती कुलूप सुटण्याची वाट पाहते आहे, पुढे इतक्या जणी आहेत, आणि त्या अमुक अमुक. डेटाबेसचं काम मघाइतकंच होतं, ३०० मिलिसेकंदांच्या आसपास. बाकी सगळा वेळ रांगेतला.

हे कुलूप ॲप करणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलेलं आहे. एक पर्याय देऊन ते काढलं. वेळ घटला, पण पुरता नाही. रस्ते विचारायला तीनच कामगार होते. आता रांग त्यांच्यापाशी लागली.

सोमवारी त्या मुलाला घेऊन बसलो आणि आमच्या सर्व्हिसेसना असेच क्रमांक जोडायला घेतले. दोन दिवस लागले. त्याच्या सर्व्हिसचं स्वतःचं काम एका सेकंदातही उरकत होतं. उरलेला वेळ ती डेटाबेसची जोडणी मोकळी होण्याची वाट पाहत होती. जोडण्या अडवून बसला होता दर तासाला चालणारा एक रिपोर्ट. दोन वर्षांपूर्वी तो मीच लिहिला होता.

बोललो होतो चारचौघांत, म्हणून चूकही चारचौघांतच कबूल केली. नंतर चहाला त्याला विचारलं, ‘तुला शंका आली नव्हती का?’

‘आली होती,’ तो म्हणाला. ‘पण तुम्हाला दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.’

रिपोर्ट आता रात्री चालतो.