कमानीचा सांधा

आमच्या जुन्या घराच्या दाराला बाहेरून सागवानी पट्टी आहे. दोन्ही अंगांना सरळ आणि माथ्यावर अर्धगोल. माझी माय त्या पट्टीवरून दार ओळखते. मोतीबिंदूनं नजर अधू झाल्यापासून ती ओसरीवर आली की डाव्या पट्टीवर हात ठेवते आणि तो वर वर नेते. जिथं लाकूड वळतं तिथं थांबते, मग उंबरा ओलांडते.

किनवटला सागाचं काय नवल! पैनगंगेच्या काठचा हा मुलूख जंगलाचाच. १९५६ पर्यंत आमचा तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता. आमचं घर त्याच काळातलं, म्हणून बाजारात अजून मराठीच्या जोडीला तेलुगू ऐकू येते, तशी घराची कारागिरीही दोन्हीकडची.

अण्णा गेल्यावर तिसऱ्या पावसाळ्यात डावा सांधा उघडला. मी घाईनं एक मिस्त्री आणला. त्यानं एकाच फळीतून सगळी कमान कापली, वळण संपतं तिथंच सरळ पट्टीला भिडवली, खिळे ठोकले, फटीत लांबी भरली. रंग दिल्यावर झकास दिसली. दोन पावसाळ्यांत लांबी गळाली आणि कमानीच्या टोकाला चीर गेली. एका संध्याकाळी मायच्या तळहातात लाकडाचं कुसळ घुसलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून पट्टीला हात लावायचंच तिनं सोडलं.

पुण्याहून आलेला धाकटा म्हणला, "काढून टाक ते सगळं. लोखंडी दार बसवू." आमचं वाजलंच. वाटणीवरून आधीच बोलणं कमी झालेलं.

शेवटी मी गल्लीतल्या म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी तुटलेल्या तुकड्यावरून बोट फिरवलं.

"लेकरा, लाकडाच्या रेघा उभ्या धावतात. एका फळीतून कमान कापली की टोकाशी त्या आडव्या होतात, तिथं ते तुटणारच. अन् सांधा वळणावर द्यायचा नसतो."

"मग कुठं?"

"वाकड्याला आधी थोडं सरळ होऊ द्यावं. मग जोडावं."

त्यांनी कमान तीन तुकड्यांत केली. प्रत्येकात रेघा वळणाच्या जोडीनं धावतील अशी. दोन्ही टोकांना वळण संपल्यावरही चार बोटं सरळ लाकूड ठेवलं. नंतर पुठ्ठा मागितला. दाराच्या मधोमध, वळण जिथं सुरू होतं त्या उंचीवर खिळा धरायचा आणि त्याला दोरी बांधून दोन गोल काढायचे, एक आतल्या कडेचा, एक बाहेरचा. खिळा वरखाली झाला तर सांध्यावर हाताला ठेच लागते.

"कुणीतरी खिळा धरा रे, हलू देऊ नका."

धाकटा उठला. त्यानं खिळा धरला, मी दोरी फिरवली. अर्धगोल पुरा होईस्तोवर आम्ही दोघं काही बोललो नाही.

सांध्याला काकांनी दोन्ही लाकडं अर्धी अर्धी कापली आणि वरचं टोक बाहेरून खालच्यावर चढवलं, म्हणजे पाणी आत न शिरता बाहेरूनच ओघळून जाईल. कापलेल्या टोकांना जवसाचं तेल पाजलं. खिळ्यांऐवजी सागाच्या खुंट्या मारल्या. पट्टीची नक्षी मात्र आधी काढली नव्हती. सगळं बसल्यावर सरळ आणि वाकड्यावरून एकच खोबण ओढत नेली.

संध्याकाळी धाकट्यानं मायचा हात धरून पट्टीवर ठेवला. ती बिचकली. मग बोटं हळूहळू वर गेली, सांध्यावरून पुढं सरकली, वळणावर पोचली.

"जोडलंय कुठं रे?" मायनं विचारलं.

काका हत्यारं गोळा करत होते. "सापडत नाही ना?" एवढंच म्हणले, अन् चहा मागितला.