वाफेचं पाणी

शिर्डीला गेलात तर प्रवरानगर तिथून जवळच आहे. लोणी आलं, की दोन्ही बाजूंना ऊस, आणि गळीत हंगाम असेल तर हवेत मळीचा वास! शहरातली मुलं नाकाला रुमाल लावतात. भंडारदरा धरण 1926 साली पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर ऊस वाढला. पुढे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा स्वतःचा साखर कारखाना 1950-51च्या हंगामात सुरू झाला.

कोणताही साखर कारखाना पाहताना सगळे उसाच्या मोळ्या गिळणारी गव्हाण बघत उभे राहतात. तुम्ही मात्र पत्र्यात गुंडाळलेल्या जाड नळांकडेही बघा. त्यांतून वाफ धावते. रस काढल्यावर उरलेला भुसा, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जळतो. त्याची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि मग रस आटवते.

एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात. त्याची वाफ करायला आणखी 540! ही उष्णता रसाला दिली, की वाफेचं पुन्हा पाणी होतं. त्याला कंडेन्सेट म्हणतात. ते गरम असतं, शिवाय त्यात क्षार जवळजवळ नसतात. गटारात सोडणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी! बॉयलरला जाणारं पाणी 6 अंशांनी जास्त गरम असलं, तर साधारण एक टक्का इंधन वाचतं.

पण पाणी बाहेर जावं आणि वाफ आत राहावी, हे कसं साधायचं? त्यासाठी नळावर 'स्टीम ट्रॅप' बसवतात. जिथे पाणी भरपूर येतं, तिथे आत फुगा असलेला. आपल्या घरच्या टाकीत असतो ना, तसाच. हल्ली टाकी, पंप, झडपा एका चौकटीवर जोडलेला तयार संचही मिळतो. तो निवडताना नळाची जाडी बघून भागत नाही. तासाला किती पाणी येणार आणि किती दाबाने, हे आधी मोजावं लागतं. ट्रॅप उघडा अडकला तर वाफ फुकट जाते. बंद अडकला तर नळात पाणी साचतं, वाफ ते पुढे ढकलते आणि धाडकन आवाज होतो. हा दणका नळ फोडूही शकतो! म्हणून जाणता फिटर लोखंडी सळईचं एक टोक ट्रॅपला टेकवतो, दुसरं कानाला, आणि आत काय चाललंय ते ऐकतो.

आता गंमत ऐका. साखर कारखान्यात बॉयलरची शत्रू कोण? साखरच! रस आटवणाऱ्या भांड्यातली एखादी नळी गळली, की रस कंडेन्सेटमध्ये मिसळतो. बॉयलरच्या उष्णतेत साखर जळते, पाणी आम्लधर्मी होतं, फेसाळतं, नळ्यांवर काळा थर बसतो. अशा नळ्या जास्त तापून फुटू शकतात.

म्हणून प्रयोगशाळेत हे पाणी दिवसरात्र पुन्हापुन्हा तपासतात. थंड केलेल्या पाण्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब टाकून कडेने सावकाश सल्फ्युरिक आम्ल सोडतात. (घरी मुळीच करू नका, बरं का!) साखर असेल तर चाचणीनळीत जांभळं कडं दिसतं. ते दिसलं, की झडप फिरवून पाणी बॉयलरऐवजी दुसऱ्या कामाला वळवतात, आणि गळकी नळी शोधायला माणसं धावतात.