पणत्यांमधले स्क्रू

वसुबारसेला आईने आणलेल्या दोन डझन पणत्यांपैकी सात गायब झाल्या. देवघर, माळा, ओटा, सगळीकडे शोधून झालं आणि शेवटी त्या सापडल्या खाली पार्किंगमध्ये. गाडीच्या बॉनेटवर जुनी चादर, चादरीवर ओळीने सात पणत्या आणि प्रत्येकीत तीन-चार स्क्रू.

"नव्या पणत्यांत खिळे?" आई.

"खिळे नाहीत, स्क्रू आहेत," आप्पा म्हणाले. त्यांच्या मते एवढा खुलासा पुष्कळ होता.

२०१९ ची दिवाळी. गाडीतला कंपनीचा सीडीवाला सेट काढून तिथे नकाशा दाखवणारा टचस्क्रीन बसवायचा माझा बेत होता. दुकानदार बसवूनही देत होता. पण गाडीच्या डॅशबोर्डाला परक्याने हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा जुना कुळाचार. त्याची सुरुवात १९९६ ची.

त्या वर्षी आमच्याकडे सेकंडहँड मारुती ८०० आली. पांढरी. डॅशबोर्डाच्या मधोमध सेटसाठी एक खण होता, पण रिकामा. त्यात आई आवळासुपारीची डबी ठेवायची. आप्पा टेलिफोन खात्यातले, उभा जन्म केबलच्या रंगीत जोड्या जुळवण्यात गेलेला. तो रिकामा खण त्यांना बघवेना. एका शनिवारी ते मला घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेले. सेट दोन मिनिटांत पसंत पडला, घासाघीस पाऊण तास चालली. ऑटोरिव्हर्स कॅसेट, रेडिओ, मागे ठेवायला दोन लंबगोल स्पीकर. शिवाय सेटचं तोंड काढता यायचं. म्हणजे चोराने काच फोडली तरी त्याला मिळणार नुसतं धड.

या तोंडाने आम्हाला फार छळलं. आप्पा ते गाडीत कधी ठेवायचे नाहीत. लग्नकार्याला गेलो की झब्ब्याचा डावा खिसा फुगलेला. एकदा ते वधूवरांवर अक्षता टाकायला वाकले आणि खिशातून सेटचं तोंड थेट नवरदेवाच्या पायाशी. त्याने बिचाऱ्याने ते आहेर समजून उचललं आणि नमस्कार केला. परत मागताना आप्पांना झालेला संकोच मी नंतर कधीच पाहिला नाही.

तो सेट मी बसवला. म्हणजे आप्पांनी मला बसवायला लावला. सेटच्या मागून तारांची शेपटी निघते. पिवळी थेट बॅटरीची, लाल किल्लीवरची, काळी अर्थिंगची. स्पीकरच्या जोड्या वेगळ्या : पुढचे पांढरी आणि करडी, मागचे हिरवी आणि जांभळी, आणि प्रत्येकीची जोडीदारीण त्याच रंगाची, काळी रेघ असलेली. नववीतल्या मुलाला एवढं पाठ व्हायला हरकत नव्हती. तरी मी पिवळी आणि लाल यांची अदलाबदल केली. सेट वाजला, टाळ्या झाल्या, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली तर घड्याळात बारा वाजलेले आणि लावून ठेवलेली स्टेशनं पुसलेली. तिसऱ्या दिवशीही तेच. आप्पा रोज मुकाट्याने ७९२ किलोहर्ट्झवर येऊन पुणे केंद्र लावायचे आणि एक अक्षर बोलायचे नाहीत. पाचव्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. सेट बंद असताना त्याची स्मरणशक्ती पिवळ्या तारेवर जगते, आणि मी नेमकी तीच किल्लीला बांधली होती.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"चालू करतानाच कळलं होतं. पण मी सांगितलं असतं तर तू उद्या विसरला असतास."

पुढची दहा वर्षं त्या सेटवर गीतरामायण वाजलं. आप्पा लहान असताना, १९५५-५६ मध्ये, पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक अशी ती छप्पन्न गीतं आली होती आणि शेजाऱ्यांच्या रेडिओखाली मांडी घालून त्यांनी ती ऐकली होती. वाईला आत्याकडे जाताना शिरवळ मागे पडलं की पुणे केंद्रात खरखर मिसळायची. स्पार्कप्लगची प्रत्येक ठिणगी मीडियम वेव्हवर टरटरते. मग खंबाटकी चढेपर्यंत कॅसेट. टेप अडकली तर आईच्या पर्समधली पेन्सिल. आणि रस्ता सांगायला आप्पा. वळण यायच्या आधी वळण, खड्ड्याच्या आधी खड्डा. गाडी कोणीही चालवत असो.

आता २०१९ कडे. नवा सेट जुन्याच्या दुप्पट उंच. या खणांचं माप जगभर एकच असतं आणि ते जर्मनीच्या मानक संस्थेच्या नावाने, डिन म्हणून, ओळखलं जातं : रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५०, डबल असेल तर १००. आप्पांनी पट्टीने मोजून जर्मनांना पास केलं. मग दहा नंबरच्या पान्याने बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, त्याशिवाय त्यांनी मला स्टुलावरून उठू दिलं नाही. डॅशबोर्डाची चौकट उचकटायला स्क्रूड्रायव्हर चालत नाही, चरे पडतात. म्हणून लाकडी उलथनं, त्याला मलमलीचं फडकं. (आईला हे अजून माहीत नाही. हा अंक ती वाचतेच, तेव्हा आता कळेल.) एकेक क्लिप 'टक्' करून सुटायची आणि दर वेळी मला वाटायचं, मोडली. प्रत्येक टप्प्याचे स्क्रू वेगळ्या पणतीत. लांबीत थोडा थोडा फरक असतो, आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर तो मागच्या तारेत घुसतो.

गाडीची मूळ तार कापायची नाही, हा आप्पांचा दंडक. दुकानात पन्नास रुपये वाचवायला कपलर तोडून तारा पिळतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. उन्हाळ्यात तिचा डिंक पाघळतो. आम्ही गाडीच्या कपलरला बसणारा जोडकपलर आणला. पिवळी आणि लाल मी तीनदा मीटरने तपासली. आप्पा बघत होते, पण या वेळी त्यांचं तोंड हसरं होतं.

फसलो ते दुसरीकडेच. उपग्रहाचा अँटेना म्हणजे काडेपेटीएवढी काळी डबी. मी ती व्यवस्थित, दिसू नये म्हणून, सेटमागच्या लोखंडी पट्टीखाली दडवली. पडदा उजळला, मराठीत बोलणारी बाई आली, आणि गाडी कुठे आहे हे काही केल्या तिला कळेना. किमान चार उपग्रह दिसले तर जागा ठरणार, आणि मी तिच्या डोक्यावर लोखंडी छप्पर घातलेलं. पुन्हा सगळ्या क्लिपा, पुन्हा उलथनं. डबी डॅशबोर्डाच्या वरच्या प्लॅस्टिकखाली, काचेकडे चिकटवली, तेव्हा कुठे आमची सोसायटी सापडली. स्पीकरमध्ये एक शिट्टी राहिली, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढणारी. ती अर्थिंगची तार बॉडीला घासून, रंग खरवडून लावली तेव्हा गेली. सातव्या पणतीत एक स्क्रू उरला. तो अजून आहे.

भाऊबीजेला वाईला निघालो. आप्पा पुढच्या सीटवर, बाईच्या अगदी समोर. ती म्हणाली, "उजवीकडे वळा." आप्पा म्हणाले, "कशाला? तिकडे गटार खणलंय." तिने रस्ता बदलला. शिरवळपर्यंत दोघांचं हेच चाललं होतं, आणि तिच्यापुढे कोणी ऐकत नाही म्हटल्यावर आप्पा हळूहळू गप्प होत गेले. जेवून परत निघालो तेव्हा तर ते नुसते खिडकीबाहेर बघत होते. सुरूर फाटा आला तोही तिनेच सांगितला.

खंबाटकीच्या बोगद्यात शिरलो. डोंगराखाली उपग्रह कुठून दिसणार? पडद्यावरचा बाण जागच्या जागी खिळला, बाई बोलायची थांबली. गाडीत नुसता टायरांचा आवाज.

"दुसऱ्या गिअरमध्ये ये," आप्पा म्हणाले. सीटवर जरा सरसावून बसले होते. "बाहेर पडल्या पडल्या उतार आहे. पुढे एस वळण. डावीकडे ट्रक असेल, त्याला जाऊ दे."

ट्रक होता.