गळ टाका, पण आधी गाळ बघा!

टोरांटोला सेटल झालेल्या मित्रांचे हिवाळी फोटो बघून तुमचाही जळफळाट होतो का? सिमको लेकचं पाणी गोठलंय, त्यावर मस्तपैकी खुर्ची टाकलीय, बर्फाला भोक पाडून आत गळ सोडलाय आणि हातात कॉफीचा मग. आइस फिशिंग म्हणे! आपल्याकडे गोठलेलं तळं कुठून आणणार? डिसेंबर २०१८मध्ये निफाडचा पारा २ अंशांच्या आसपास उतरला होता, तरी तिथे गोठलं ते फक्त पानांवरचं दव. पण कडाक्याची थंडी, भरपूर पाणी आणि दिवसभर काहीही न करता बसायचं लायसन्स एवढंच हवं असेल, तर बॉस, नामपूर गाठा.

नामपूर म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं गाव. कांद्याचं मोठं मार्केट. माझं आजोळ! याच मोसमवर, वरच्या अंगाला, मुल्हेरच्या बाजूला हरणबारी धरण आहे. क्षमता ११६६ दशलक्ष घनफूट. खालच्या गिरणा धरणाच्या १८,५०० पुढे हे बाळच. पण सकाळी धुकं विरलं की पाण्यापलीकडे डोंगररांगा उघडत जातात, तेव्हा आकडे आठवत नाहीत.

जायचं कसं? नाशिकहून देवळामार्गे सटाणा साधारण ९० किलोमीटर, तिथून नामपूर वीसेक. मग जायखेडा, ताहाराबाद करत मुल्हेरच्या दिशेने. एसटीने सटाण्यापर्यंत आरामात जाता येतं, पुढे स्वतःची गाडी बरी. मुक्काम सटाण्यातच ठोका. वाटेत डाळिंबाच्या बागा आणि कांद्याचे ट्रॅक्टर लागतील, आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी अहिराणीत विचारेलच, "कथा चालना रे भाऊ?" उत्तर द्या. पाण्याची खरी बातमी तिथेच मिळते.

आता सामान. कॅनडावाल्यांना बर्फात भोक पाडायचं गिरमिट लागतं, तंबू लागतो, हीटर लागतो. आपलं बजेट एका मल्टिप्लेक्सच्या आउटिंगएवढं. आठ-नऊ फुटांचा घडीचा रॉड, साधं रीळ, बऱ्यापैकी जाड तंगूस, लहान-मध्यम गळ, थोडं शिसं, तरंगायला बूच. आमिषाला कणकेचा गोळा किंवा गांडुळं. महागडे चकचकीत नकली मासे शोरूममध्येच राहू द्या, आपले रोहू-कटला त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. बूच वर-खाली सरकवून कुणाला बोलवायचं ते ठरवा.

कपड्यांत मात्र कंजुषी नको. कानटोपी, मफलर, दोन स्वेटर, थर्मास. फॅशन गेली खड्ड्यात!

आणि हो, पहाटे चारला उठून धावू नका. हिवाळ्यात हा अट्टहास फुकट जातो. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून तिकडे तळं वरून गोठतं आणि खाली मासे जगतात. सिमकोमधले ट्राउट, व्हाइटफिश थंड पाण्यातलेच, ते बर्फाखालीही खातात. आपले मासे उबदार पाण्यातले. पाणी गार पडलं की त्यांची भूक मंदावते. म्हणून दहानंतर, ऊन चढल्यावर, वारा न लागणाऱ्या उथळ कोपऱ्यात बसा. दुपारी तिथलं पाणी आधी तापतं. झोपही पूर्ण!

आता जरा सीरियस. कॅनडात बर्फावर पाऊल टाकण्याआधी त्याची जाडी मोजतात. माणसाला चालायला किमान चार इंच टणक बर्फ हवा, असा तिथला ठोकताळा. आपल्याकडे तसाच धोका आहे, फक्त तो दिसत नाही. रब्बीसाठी धरणातून आवर्तन सुटतं, पाणी मागे सरकतं आणि काठावर गाळाचा पट्टा उघडा पडतो. वरून सुकलेला, भेगाळलेला, अगदी पक्क्या जमिनीसारखा. आत मऊ लगदा! मांडीपर्यंत पाय जातो आणि जितकी धडपड कराल तितका रुततो. मामा तर रॉडच्या आधी लांब काठी उचलतात. "भाचेबुवा, काठी टोचल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही," हे मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलंय. काठी सहज आत गेली तर ती जागा सोडायची. फसलातच तर मागे रेलून वजन पसरा आणि सोबत्याला दोर फेकायला सांगा. म्हणजे दोर पाहिजे, आणि सोबतीही पाहिजे. एकट्याने जायचं नाही, म्हणजे नाही.

गळ अडकला की तो सोडवायला पाण्यात उतरायचा मोह होतो. दहा-वीस रुपयांची वस्तू आहे, तोडून टाका. स्वेटर-जीन्स भिजले की पोहणाऱ्यालाही जड जातं, शिवाय तळ कुठे एकदम खोल जातो ते वरून कळत नाही. भिंतीजवळ आणि सांडव्याकडे तर फिरकूच नका. तोडलेली तंगूस मात्र जेवढी हाती येईल तेवढी गुंडाळून परत आणा, पाणपक्ष्यांच्या पायात ती अडकते.

आणखी एक गोष्ट शहरी पब्लिकच्या डोक्यातच येत नाही. धरणातले मासे बेवारस नसतात. मत्स्यव्यवसाय विभाग धरणातली मासेमारी ठेक्याने देतो, बऱ्याचदा मच्छीमार सहकारी संस्थांना. ते स्वतः पैसे घालून बोटुकली सोडतात, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणि ती मोठी व्हायची वाट बघतात. तुमचा वीकएंडचा टाइमपास हा त्यांचा महिन्याचा किराणा असतो. तेव्हा आधी ठेका कुणाकडे आहे ते विचारा, परवानगी घ्या, फी असेल तर घासाघीस न करता द्या. लहान मासा लागला तर हात ओले करून हलकेच सोडवा आणि परत पाण्यात. जाळी लागलेली असतील त्या बाजूला गळ टाकायचाच नाही. एवढं पाळलं तर तीच माणसं तुम्हाला चांगली जागा दाखवतात, वर गाळ कुठे आहे तेही सांगतात.

दिवसभर बसून काहीच लागलं नाही तरी टेन्शन नको, हिवाळ्यात असं सर्रास होतं. संध्याकाळी होड्या काठाला लागतात तेव्हा त्यांच्याकडूनच ताजा रोहू घ्या. आमच्या मामी काळ्या मसाल्यातला झणझणीत रस्सा करतात, बाजरीच्या भाकरीबरोबर. तुम्हाला मामी नसतील तर ताहाराबाद-सटाणा रस्त्यावर एखाद्या ढाबेवाल्याला गळ घाला, मासा तुमचा म्हटल्यावर करून देईलही. फक्त अंधार पडायच्या आत काठ सोडा.