खाडीपलीकडचा चितारी

बोईसरहून सकाळच्या लोकलने आम्ही कान्हेरीला निघालो. दशम्यांचा डबा आमच्या मांडीवर आणि धाकटे चिरंजीव खिडकीत.

तारापूर, केळवे, माहीम, वसई हा सारा मुलूख चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९ साली घेतला. तेव्हा नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर येईपर्यंत आपण पेशव्यांच्या राज्यातच असतो म्हणा ना! पलीकडची साष्टी मात्र सालबाईच्या तहाने १७८२ साली कायमची इंग्रजांकडे गेली. त्या साष्टीत एक चितारी तापाने गेला. त्याच्यासाठीच ही खटपट.

जेम्स वेल्स हा स्कॉटलंडमधल्या पीटरहेडचा. चाळिशी उलटल्यावर, १७९१ साली, तो मुंबईस उतरला. पुण्याचा रेसिडेंट मॅलेट याचा त्याला आश्रय मिळाला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचे जे चित्र आपण पुस्तकांतून पाहतो, ते वेल्सचेच, १७९२ चे. अठराच्या उमरीचे ते पेशवे पाहिले की मला उगीचच भरून येते. मूळ चित्र लंडनला, रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे.

पण माणसे रंगवून पोट भरणाऱ्या ह्या गृहस्थाचा जीव गुंतला तो दगडात! वेरूळची लेणी त्याने कागदावर उतरवली. त्याच्या कामात साथीला पुण्याचा गंगाराम तांबट होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढणारा तोच हा गंगाराम! वेरूळची चित्रे टॉमस डॅनियलने १८०३ साली छापली. ग्रंथाच्या शीर्षकात वेल्सचे नाव आहे, गंगारामाचे नाही. मला हे सलते.

तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत दोन बाजूंना दोन प्रचंड बुद्ध उभे आहेत. तिथे मान वर करून आम्ही कितीतरी वेळ उभे होतो. १७९५ साली वेल्स इथली लेणी रेखाटत होता. तेव्हा बोरिवलीची बस नव्हती, हिवतापाचे औषध म्हणावे तसे नव्हते, आणि रान तर दाटच. ताप भरला आणि नोव्हेंबरात तो गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचे तरुण पेशवे शनिवारवाड्याच्या माडीवरून पडून वारले होते. दोघांत जेमतेम काही आठवड्यांचे अंतर! पुणे दरबाराचे मोठे चित्र त्याच्या हातून झालेच नाही. त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलने ते १८०५ त पुरे केले.

परतताना पुलावर गर्दीमुळे खाडी दिसलीच नाही. पालघरला बसायला जागा मिळाली, तेव्हा बोईसर जवळच आले होते.