कोणत्या जातीचे?

साठी उलटल्यावर मी जपानी शिकू लागलो. मुलगा तोक्योला असतो, सून तिथलीच. तेव्हा गुरूही घरचाच. वस्तूंची नावे पाठ करून झाली आणि गाडी अडली. नुसता 'तांदूळ' म्हणून भागत नाही. कसला तांदूळ, ते सांगावे लागते.

सूनबाईने मग 'शुरुइ' हा शब्द दिला. शुरुइ म्हणजे प्रकार. लिहायला दोन अक्षरे. पहिल्याचा मूळ अर्थ बी, आणि त्याच्या डाव्या अंगाला धान्याच्या कणसाची खूण! दुसरे 'रुइ', म्हणजे वर्ग. माशांचा वर्ग 'ग्योरुइ', पक्ष्यांचा 'चोरुइ', आणि नातेवाईक 'शिन्रुइ'. सोयऱ्यांना पक्ष्यांच्या पंक्तीला बसवणारी ही भाषा मला तेव्हाच आवडली.

'काता' म्हणजे साचा. त्या अक्षराच्या तळाशी माती आहे. रक्तगटालाही हाच शब्द, फक्त जोडताना त्याचा 'गाता' होतो. रक्तगटावरून स्वभाव ताडण्याची तिकडे पुष्कळांना हौस. आपण पत्रिका मागतो, ते रक्तगट विचारतात, इतकेच! पण खरा गोड शब्द 'फू'. जपानी धर्तीचे ते 'वाफू', पाश्चात्त्य धर्तीचे ते 'योफू'. आणि फू लिहायचे ते वाऱ्याच्या अक्षराने. पोराला शहराचा वारा लागला असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही.

आपल्याकडे आंब्यालाही जात आणि माणसालाही जात. तिकडे काय, म्हणून मी विचारले. आंब्याची जात 'हिन्शू', माणसांचा वंश 'जिन्शू'. दोन्हींत तेच बी. मला जरा हायसे वाटले, आणि लगेच वाईटही वाटले.

कारण घरात सहा वर्षांची नात आहे. अशा मुलांना तिकडे 'हाफु' म्हणतात. इंग्रजीतल्या अर्ध्याचाच तो जपानी उच्चार. हे ऐकून आमची ही उसळली. "अर्धी कशाने? दोन माणसांचे जेवण जेवते ती!" सूनबाई हसली नाही. ती म्हणाली, "बाबा, 'इंदो-केइ' असेही म्हणता येते." भारतीय कुळातली. मी ते 'केइ' अक्षर वहीत चार वेळा गिरवले. त्याच्या खालच्या भागात सूत आहे, रेशमाचा धागा. बी, साचा, वारा यांपेक्षा हा शब्द मला आमच्या पोरीच्या मापाचा वाटतो.

तिला स्वतःला यातले काहीच पडलेले नाही. फराळाचा डबा टपालाने जायचा आहे, आणि "आजोबा, नान्-शुरुइ?" एवढाच तिचा फोनवरचा प्रश्न. मी सहा प्रकार सांगितले आहेत. हिचे चिरोटे जमले तर सात.